एका दुपारचा किल्ला

दिवाळीच्या सुमारास आपल्या घरांतील दोन खातीं एकदम जागीं होतात. एक स्वयंपाकघरांतील, तेथें भाजणी, पाक आणि साटा यांचा कारभार चालतो. दुसरें अंगणांतील, तेथें माती, दगड आणि फुटक्या विटा यांचा. पहिल्या खात्यावर घरांतील वडील स्त्रियांची हुकमत असते, आणि दुसऱ्यावर, निदान आमच्या लहानपणीं तरी, दहा-बारा वर्षांच्या पोरांची असे. मोठ्या माणसांनीं त्या खात्यांत लक्ष घातल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. हातपाय धुऊन मग घरांत या, एवढीच काय ती त्यांची आज्ञा असावयाची. अलीकडे मात्र हें दुसरें खातें मोठ्या माणसांनीं आपल्याकडे ओढून घेतलें आहे, आणि त्याविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें बालपण साताऱ्यास एका जुन्या वाड्यांत गेलें. चौकांत उभें राहून मान वर केली कीं अजिंक्यतारा दिसे. म्हणजे नमुन्यासाठीं खरा किल्ला डोक्यावरच उभा होता. तथापि त्याच्याकडे पाहून किल्ला करावा, असें आम्हां पोरांपैकीं एकाच्याहि मनांत कधीं आलें नाहीं. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरीं आलों कीं दप्तर कोनाड्यांत पडे आणि हात मातींत जात. दगड, फुटकीं कौलें, एखादा पत्र्याचा डबा यांचा ढीग रचावयाचा आणि त्यावर चिखलांत बुडविलेलें गोणपाट पसरावयाचें, कीं डोंगर तयार. गोणपाटास ज्या सुरकुत्या पडत त्यांसच आम्ही कडे, घळी आणि सोंडा म्हणत असूं. बोटानें रेघ ओढली कीं वाट, करवंटी पुरली कीं तळें, जुन्या वहीचा पुठ्ठा उभा केला कीं महादरवाजा. माथ्यावर महाराज, पायथ्याच्या गुहेंत वाघ, आणि वाघापासून वीतभर अंतरावर निर्धास्तपणें दूध घेऊन चाललेली गवळण. पहारेकरी दरवाज्याहून उंच असे आणि महाराज तर आख्ख्या बालेकिल्ल्याहून मोठे असत; त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. दुपारीं आरंभिलेला किल्ला दिवेलागणीस पुरा होई. वसुबारसेस त्यावर अळीव आणि मोहरी पेरली कीं पाडव्यापर्यंत डोंगरावर हिरवी लव येई.

तो वाडा केव्हांच पडला. आज आमचें एकत्र कुटुंब गांवाबाहेरच्या नव्या वसाहतींत राहतें. तथापि आम्हां भावांनीं आग्रहानें दारापुढें चार हात अंगण राखलें आहे, आणि घरांत नातवंडांचीहि वाण नाहीं. २०२५ च्या दिवाळीपूर्वीं आठवडाभर सातवींत शिकणारा थोरला नातू आम्हांस म्हणाला, “आजोबा, यंदा विकतचाच किल्ला आणूं या. आपला कांहीं स्पर्धेंत बसणार नाहीं.”

चौकशी करतां सर्व उलगडा झाला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले होते. त्यांपैकीं ११ महाराष्ट्रांतले आणि एक तमिळनाडूंतील जिंजी. प्रत्येक मराठी माणसानें मान ताठ करावी अशीच ही गोष्ट. परंतु तिच्या उत्साहांत वसाहतींतील स्पर्धेचे नियम असे झाले कीं या १२ पैकीं एका किल्ल्याची हुबेहूब प्रतिकृति हवी, प्रत्येक बुरुजावर नांवाची पट्टी हवी, आणि परीक्षकांपुढें बिनचूक माहिती सांगतां आली पाहिजे. मग थर्मोकोल आला, रंगाचे फवारे आले, आणि हें सारें मुलांच्या आंवाक्याबाहेरचें म्हणून त्यांचे वडील कचेरींतून आल्यावर मध्यरात्रीपर्यंत तट कापीत बसूं लागले. मुलांकडे काम काय उरलें, तर कात्री देणें आणि निबंध पाठ करणें. ज्यांस तेंहि साधत नाहीं त्यांच्यासाठीं बाजारांत प्लॅस्टरचे तयार किल्ले आहेतच.

आमच्या नातवाचा हा विचार केवळ दिवाळीपुरता असता तर आम्ही बोललोंहि नसतों. पण त्याच्या टेबलावर सहा महिन्यांपासून एक खोकें पडून होतें. त्याच्या विलायतेंतील काकानें पाठविलेला तो एअरफिक्सचा संच. आंत स्पिटफायर विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग. प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा. हिशेबाच्या मास्तरास आनंद व्हावा असें हें प्रमाण आहे. १९५० नंतरच्या काळांत तिकडचीं मुलें खाऊच्या पैशांतून दोन शिलिंगांचे असे संच घेत आणि एका संध्याकाळीं जोडून, डिंक वाळतो न वाळतो तोंच विमान घरभर फिरवीत. आमच्या नातवानें मात्र आधीं मोबाईलवर जाणत्या लोकांचें काम पाहिलें. ते सांध्यांत लुकण भरतात, पॉलिशकागदानें घांसतात, रंगाचे पातळ थर देतात आणि शेवटीं तें नवें कोरें विमान मुद्दाम मळवितात. हें पाहून मुलानें खोक्याचें झांकण लावलें तें लावलेंच. “माझें तसें होणार नाहीं,” म्हणाला. करून पाहिल्यावर कोणी असें म्हटलें तर तो अनुभव होय. पण बारा वर्षांच्या मुलानें हात लावण्यापूर्वींच असें म्हणावें, हें ज्यानें आयुष्यभर मुलें शिकविलीं त्यास ऐकवत नाहीं.

आम्हीं त्यास म्हटलें, “स्पर्धेचें राहूं दे. उद्यां दुपारीं आपण एक किल्ला करूं. दिवे लागायच्या आंत तो पुरा व्हायला हवा, आणि बाजारांतून कांहीं आणायचें नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं चार नातवंडें आणि एक सेवानिवृत्त शिक्षक अशी फौज अंगणांत उतरली. गुडघे वाकत नसल्यानें आम्ही पाटावर बसलों. हल्लीं धान्य प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतें, त्यामुळें घरांत गोणपाट निघेना. तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं आमचेंच एक विरलेलें धोतर पुढें टाकलें आणि “चिखलाला वयाची अट नसते वाटतें,” असा अभिप्राय देऊन त्या चकल्यांकडे वळल्या.

धाकट्या नातीनें दरवाजा अगदीं नाकासमोर मांडला. तिच्या भावानें रबरी चेंडूनें हल्ला केला. पहिल्याच चेंडूस दरवाजा आडवा. पुन्हां उभारला, पुन्हां आडवा. तेव्हां तिनें कांहीं न बोलतां दोहों बाजूंस मातीचे गोल बुरूज घातले आणि वाट अशी वळविली कीं चेंडू बुरुजावर आदळावा, दरवाजा समोरून दिसूंच नये. रायगडाच्या महादरवाज्याची बांधणी हीच. तिला गोमुखी म्हणतात. दरवाजा दोन बुरुजांच्या कवेंत दडलेला, आणि पुढें जागा इतकी अपुरी कीं धडक देण्यासाठीं हत्तीस धांव घेतां येऊं नये. हें नांव आम्हीं तिला मागाहून सांगितलें. आधीं सांगितलें असतें तर तें परीक्षेचें टिपण झालें असतें. मागाहून सांगितल्यानें तें तिच्याच युक्तीचें नांव झालें.

थोरल्यानें माथ्यावर तांब्याभर पाणी ओतलें, तें वाटेसकट खालीं आलें. मग त्यानें माथ्यावर खळगा खणला आणि निघालेली माती तटास लावली. डोंगरी किल्ल्यांवर हेंच घडलें आहे. बांधकामासाठीं जेथून दगड काढला तेथेंच पाण्याचीं टाकीं झालीं. सर्वांत धाकट्यानें विचारलें, “पुढून शत्रू आला तर मावळ्यांनीं जायचें कुठून?” आणि उत्तराची वाट न पाहतां मागच्या बाजूस बोट खुपसून चोरवाट केली. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, किल्ल्यास एकच दरवाजा असणें हा मोठा दोष मानला आहे. पांच वर्षांच्या मुलासहि तो दिसला. कौटिल्यानें दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वनदुर्ग असे चार प्रकार सांगितले आहेत. आमच्या किल्ल्यास पुढें घमेल्यांतलें पाणी होतें, एका अंगास वाळू होती, दुसऱ्या अंगास तुळशीच्या काड्यांचें रान होतें आणि मधोमध पर्वत होता. तेव्हां तो चारहि प्रकारांत बसत होता! महाराज अर्थातच बालेकिल्ल्याहून मोठे झाले.

आणि आमचें काय झालें? चाळीस वर्षें ज्या हातांनीं खडू धरला त्यांस चिखल कसा थापावा हें कोणी सांगावें लागलें नाहीं. तळहाताच्या टाचेनें दाबावयाचें, ओल्या बोटांनीं सारवावयाचें, हें सर्व आपोआप होऊं लागलें. दोन तास पाठदुखीची आठवण झाली नाहीं. दिवेलागणीस पहिली पणती तटावर ठेविली तेव्हां, वर्गांत मुलांचा निकाल उत्तम लागला असतां जें समाधान होत असे, त्याहून कांहीं निराळें व अधिक हलकें असें सुख आम्हांस झालें. त्या सुखास कोणाच्या गुणांची अपेक्षा नव्हती.

हुबेहूब प्रतिकृति करणाऱ्यांस आम्ही कमी लेखीत नाहीं. ती एक विद्याच आहे, आणि तिला अभ्यास, चिकाटी व वर्षें लागतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं ती दुसरी पायरी आहे. भराभर केलेल्या कामाचा पहिला गुण असा कीं तें पुरें होतें. आणि पुरें झालेलें काम, मग तें ओबडधोबड कां असेना, मुलास पुढचें काम करण्याचा धीर देतें. दुसरा गुण असा कीं तें मोडलें तरी हळहळ वाटत नाहीं, म्हणून मूल मोडून पाहतें आणि मोडल्यानेंच शिकतें. तिसरा गुण असा कीं तें त्याचें स्वतःचें असतें. त्यांत वडिलांच्या जागरणाचा वांटा नसतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं नातवानें तें खोकें उघडलें. रंग नाहीं, लुकण नाहीं. संध्याकाळपर्यंत विमान जोडून झालें. एक पंख किंचित् वर गेला आहे आणि सांध्यांतून डिंकाचा ओघळ स्पष्ट दिसतो. तें दोऱ्यानें खिडकीच्या गजास टांगलें आहे, आणि दुसरा संच पाठवावा असें काकास कळविण्यांत आलें आहे.

तुळशीचें लग्न झाल्यावर किल्ल्याची माती कुंड्यांत गेली, दगड कुंपणाशीं गेले, आणि धोतर मात्र कोठल्याच कामाचें राहिलें नाहीं. येत्या दिवाळींत आपल्या घरचीं मुलें किल्ल्याचें नांव काढतील तेव्हां त्यांस माती, पाणी व एक दुपार द्यावी, तट वांकडा झाला तरी तो सरळ करावयास जाऊं नये, आणि जागा असल्यास आपणहि शेजारीं पाट मांडून बसावें, एवढीच आमची वडील मंडळींस विनंती आहे.