घंगाळाला भोक पाडायचं का?

रामबागेतलं जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा माळ्यावरून उतरलेल्या सामानात सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ निघालं. दोन बाजूंना कड्या, बुडाशी मोठा पोचा, अंगावर काळे-हिरवे डाग आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं त्यांच्या वडिलांचं नाव. शेजारी साल, १९६१. लग्न होऊन पुण्याहून इंदूरला येताना ते त्यांच्यासोबत आलं होतं. गीझर लागला आणि ते माळ्यावर गेलं. बर्तन बाजारात मोडीत घातलं असतं तर वजनावर पैसे मिळाले असते.

पण माझ्या लेकीने ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, याचं सिंक करू या. खाली भोक पाडलं की झालं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी काठावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता आत गेल्या. ते 'हो' होतं की 'नाही', मला कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात पुण्याला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. घंगाळ गोधडीत गुंडाळलं आणि आम्ही दोघी मायलेकी इंदूर-पुणे गाडीत बसलो. बर्थखाली ते मावेना, म्हणून रात्रभर माझ्या पायाशीच होतं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "यात काय, मूर्ती?" लेक म्हणाली, "नाही हो आजोबा, सिंक!"

तांबट आळी पुण्याच्या कसबा पेठेत आहे. शनिवारवाडा आणि कसबा गणपती दोन्ही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. रिक्षातून उतरलो आणि पुढचा रस्ता कानांनीच दाखवला. ठक्-ठक्, ठक्-ठक्, एका घरातून थांबली की दुसऱ्या घरातून सुरू. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार समाजाचे कारागीर इथे वसले आणि पिढ्यान् पिढ्या तांब्याची भांडी घडवत राहिले. आता जुन्या घरांच्या मधे नव्या इमारती उभ्या आहेत आणि ठोक्यांचा आवाज पूर्वीपेक्षा विरळ झालाय, असं तिथलेच लोक सांगतात. तरी आळीत शिरलं की तापलेल्या धातूचा वास येतोच.

एका कारखान्यातल्या काकांनी घंगाळ हातात घेतलं, उलटं केलं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. "चांगला जाड पत्रा आहे. असा आता सहसा येत नाही." लेकीने आपली कल्पना सांगितली. ते हसले.

"भोक पाडायला किती वेळ लागतो, ताई? पण हे रोज पुसणार कोण?"

"मी," लेक म्हणाली.

"आणि कुठे बसवणार? स्वयंपाकघरात?"

तिने मान डोलावली. मग काकांनी जे समजावलं, ते तिने कोणत्याही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये दिवसभर टोमॅटो, लिंबू, चिंच, मीठ पडत राहतं. जिथे आंबट पडेल तिथला काळपटपणा निघतो आणि लालभडक ठिपका उठतो. जड कढई आपटली की पोचा येतो, कारण तांबं स्टीलपेक्षा मऊ. "भांडी घासायला स्टीलच ठेवा. हे हात धुवायला जेवणाच्या टेबलाजवळ लावा."

आतून कल्हई लागेल का, असं मी विचारलं. कल्हई म्हणजे कथलाचा थर. अन्न कळकू नये म्हणून तो शिजवायच्या भांड्यांना देतात. हात धुवायच्या भांड्याला त्याची गरज नाही, असं ते म्हणाले.

त्यांनी एक मठारलेली कळशी दाखवली. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके मारत जायचं. प्रत्येक ठोक्याचा एक चकचकीत पैलू उठतो. आम्हाला ती नक्षी वाटत होती. काका म्हणाले, "ही ताकद आहे. तांबं ठोकलं की कडक होतं, तापवलं की परत मऊ." पोचा काढून घंगाळ पुन्हा मठारता येईल, नावाची जागा तेवढी ते सोडून देणार होते.

"मग पाडू भोक?" त्यांनी विचारलं. आता लेकच गप्प झाली. घंगाळ मांडीवर घेऊन नावाकडे बघत बसली. शेवटी तिने आजीला फोन लावला.

"आजी, खरं सांग. तुला वाईट वाटेल का?"

सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "अगं, चाळीस वर्षं माळ्यावर होतं, तेव्हा कुणी विचारलं नाही. पाडा भोक. निदान रोज हात तरी लागेल त्याला."

तिसऱ्या दिवशी घंगाळ घ्यायला गेलो तर ओळखू येईना. वरून लॅकर मारायचं का, असं काकांनी विचारलं. ते मारलं की चमक टिकते, पण त्यावर चिंच-मीठ घासायचं नाही आणि मधेच निघालं तर डाग पडतात. आम्ही नको म्हटलं.

आज ते आमच्या जेवणाच्या खोलीत आहे. त्याची निगा अगदी सोपी आहे. हात धुतल्यावर पाणी साचू द्यायचं नाही आणि रात्री कोरड्या फडक्याने पुसायचं. शनिवारी चिंचेचा कोळ किंवा अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ घेऊन हलक्या हाताने चोळायचं. आंबटाने वरचा काळा थर विरघळतो. पण ते लावून ठेवायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं. ओलं राहिलं तर हिरवट डाग येतात. चिंचेचा चोथा जाळीत गेला तर प्लंबरला बोलवावं लागतं, हेही आम्ही शिकलो.

तांब्याचे एवढे लाड करताना स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या सिंककडे लक्ष गेलं. त्याचा गुन्हा माझा. जुन्या घरात बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग जाईनात, म्हणून मी एकदा सिंकमध्ये लादीचं ॲसिड ओतलं होतं. डाग गेले, पण बारीक काळे खड्डे पडले ते कायमचे.

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडा पडला तर तो आपोआप भरून येतो. ते ॲसिड, ब्लीच किंवा साचलेलं खारट पाणी या थरालाच खातं. लोखंडी काथ्याने घासलं तर त्याचे कण अडकतात आणि तेच गंजतात. ओला लोखंडी तवा रात्रभर ठेवला तरी तेच. म्हणून नव्या घरात मऊ स्पंज, भांड्यांचा साबण, चिकट डागाला खायच्या सोड्याची पेस्ट आणि पांढऱ्या डागांना पाणी घातलेलं व्हिनेगर, एवढंच वापरते. घासायचं ते स्टीलवरच्या रेघांच्या दिशेने. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

पुण्याला गेलात तर तांबट आळीत एक चक्कर मारा, आणि त्याआधी आपला माळा बघा. आमच्याकडे शनिवारी लेक चिंच भिजवते आणि सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसतात. तिने काठावर जोर दिला की म्हणतात, "हळू. तिथे माझे बाबा आहेत."