चैत्रपाडवा ते आखाजी : उन्हाळ्यातील गावकलांच्या वाटेवर

रब्बीची सुगी आटोपल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे दोन-अडीच महिने महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यात शेताला माणसांची फारशी गरज नसते. खळी उरकलेली असतात, धान्य घरात आलेले असते, आणि नेमक्या याच काळात ग्रामदैवतांच्या जत्रा, सोंगे आणि माहेरपणाचे सण भरगच्च येतात. पुणे जिल्ह्यातील नारायणगावहून निघून नाशिकमार्गे मोखाडा-जव्हारच्या डोंगरात आणि तेथून मागे फिरून खानदेशात उतरणारा हा प्रवास गुढीपाडव्याला सुरू होऊन अक्षय्य तृतीयेला संपतो. या वाटेवर तीन प्रकारच्या लोककला भेटतात, आणि प्रत्येक टप्प्यावर कलावंत व प्रेक्षक यांच्यातील अंतर कमी होत जाते, हे या प्रवासाचे मुख्य निरीक्षण आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास येथे राज्यभरातील तमाशा फडांच्या राहुट्या, म्हणजे तात्पुरत्या कचेऱ्या, उभ्या राहतात आणि गावोगावच्या यात्रा समित्यांचे पंच आपल्या जत्रेसाठी फड ठरवायला येतात. राहुटीच्या दर्शनी बाजूला फडाच्या नावाचा मोठा फलक आणि कलावंतांची छायाचित्रे असतात. आत गादीवर बसलेल्या व्यवस्थापकापुढे तारखांची वही उघडी असते, आणि बोलणी तारखेपेक्षा तिथीवर चालतात. चैत्र पौर्णिमा किंवा वद्य अष्टमी अशा तिथींना अनेक गावांच्या जत्रा एकाच दिवशी येत असल्यामुळे त्या दिवसाची सुपारी, म्हणजे कार्यक्रमाची ठरलेली रक्कम, चढी असते, तर आडतिथीला तोच फड बऱ्याच कमी रकमेत मिळू शकतो. सौदा जमला की विसार दिला जातो आणि वहीतील त्या तिथीसमोर गावाचे नाव चढते.

या गावाची ही ओळख भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाने आणि भाऊंची कन्या विठाबाई यांच्या कर्तृत्वाने घडवली. विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्काराचा मान मिळाला, २००२ साली त्यांचे निधन झाले, आणि आज राज्य शासनाचा तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. कला सादर करीत असतानाच प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्या, तेव्हा पडद्यामागे बाळाला जन्म देऊन त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही त्यांच्या आयुष्यातील घटना महाराष्ट्रात कौतुकाने सांगितली जाते. परंतु ज्या व्यवस्थेत बाळंतिणीलाही विश्रांती मिळत नाही, त्या व्यवस्थेविषयीचा प्रश्न त्या कौतुकात झाकला जाऊ नये.

ठरलेल्या तिथीला जुन्नर, आंबेगाव किंवा खेड तालुक्यातील एखाद्या गावात पोहोचल्यावर जत्रेचा क्रम स्पष्ट दिसतो. सकाळी देवाला अभिषेक होतो, नवस फेडणारी कुटुंबे शेरणी, म्हणजे गुळाचा प्रसाद, वाटतात, आणि आंब्या-जांभळाच्या फांद्यांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघते, तिला मांडवडहाळे म्हणतात. दिवसा बैलगाड्यांच्या शर्यती होतात. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात, चार बैल गाडा ओढतात आणि त्यांच्यापुढे घोडी धावते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेल्या बंदीमुळे हे घाट अनेक वर्षे ओस पडले होते. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. रात्री छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची वाजतगाजत मिरवणूक, निघतो आणि त्यानंतर तमाशा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी हाच फड हजेरी, म्हणजे सकाळचा तमाशा, सादर करतो आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो.

ढोलकीफडाच्या तमाशाची मांडणी गण, गवळण, बतावणी आणि वग अशी असते. गणात गणेशाला वंदन होते, गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, मावशी आणि कृष्ण यांची थट्टामस्करी चालते, बतावणीत सोंगाड्या हजरजबाबीपणाने गावच्या आणि राज्याच्या कारभारावर बोलतो, आणि वग हे शेवटचे दीर्घ नाट्य असते, ज्यात पूर्वी पहाट होई. ध्वनिप्रदूषणविषयक नियमांमुळे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आले, त्यातच चित्रपटगीतांची मागणी वाढली, आणि या दोहोंच्या कात्रीत वगच आखडता घेतला जाऊ लागला, ही मोठी हानी आहे. कारण अभिनय, कथा आणि समाजावरील भाष्य यांना पुरेसा अवकाश वगातच मिळत असे. फडाच्या अर्थकारणाचा पाया उचल, म्हणजे हंगामाआधी कलावंताने मालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, हा आहे, आणि ती फिटेपर्यंत कलावंत फडाशी बांधलेला राहतो. २०२० साली देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, नेमका गुढीपाडव्याचा होता. त्या आणि पुढच्या वर्षीच्या जत्रा बुडाल्या, तेव्हा ही उचल फेडण्याचे साधनच हातातून गेले.

नाशिककडे जाताना संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे गाव लागते. तमाशाच्या रंगमंचावर स्त्रीने उभे राहण्याचा पायंडा ज्यांनी पाडला, त्या पवळाबाई हिवरगावकर या गावच्या. शाहीर पठ्ठे बापूराव, म्हणजे मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आणि पवळाबाई यांच्या जोडीने जातीची भिंत ओलांडून तमाशाला जे वैभव दिले, त्याची जाण येथून जाणाऱ्या प्रत्येकाने ठेवावी, इतके त्यांचे ऋण मोठे आहे.

त्र्यंबकेश्वर मागे टाकून रस्ता मोखाड्याच्या दिशेने वळला की भूप्रदेश आणि कलेचे स्वरूप दोन्ही बदलतात. पालघर जिल्ह्यातील मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि लगतचे नाशिकमधील पेठ, सुरगाणा हे तालुके कोकणा, वारली, महादेव कोळी आणि ठाकूर या आदिवासी समाजांचे आहेत. येथे होळीनंतर वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. बोहाडा हा देवदेवता, दैत्य आणि पशू यांचे मुखवटे घालून अनेक रात्री चालणारा सोंगांचा उत्सव असून त्याला काही भागांत भवाडा असेही म्हणतात. खरीप भात आणि नागलीवर वर्ष निघत नसल्यामुळे येथील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात. विखुरलेले गाव पुन्हा एका जागी येण्याचे एक मोठे निमित्त म्हणजे बोहाडा, आणि म्हणून त्याचे मोल करमणुकीच्या पलीकडचे आहे.

मुखवटे पूर्वी लाकडातून कोरले जात, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. नाचणाऱ्याच्या डोक्याला आधी जाड फडके गुंडाळतात, त्यावर मुखवटा ठेवून दोऱ्या आवळतात, आणि मुखवट्याच्या लहानशा फटींतून त्याला समोरचे थोडेसेच दिसते. म्हणून टेंभा, म्हणजे मशाल, धरणारा माणूस त्याच्या समोर राहून वाट उजळत जातो. दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांमधील लांबट मोकळ्या जागेत सोंग पुढे येते, मागे हटते, गिरकी घेते, आणि त्याची प्रत्येक चाल सांबळ व पिपाणी यांच्या ठेक्याने ठरते. गणपती आणि सारजा, म्हणजे शारदा, यांची सोंगे आरंभी येतात, आणि शेवटी जगदंबा व महिषासुर यांचे युद्ध होऊन उत्सवाची सांगता होते. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे परंपरेने ठरलेले असते, त्यामुळे मुखवट्याची निगा आणि नाचाचे शिक्षण त्या घराची जबाबदारी ठरते. नारायणगावी गाव कलावंताला मोल देऊन बोलावते. येथे गावच कलावंत असते, आणि टेंभ्याच्या उजेडात बसलेल्या प्रेक्षकांपैकी बरेच जण पुढच्या कोणत्या ना कोणत्या सोंगासाठी उठणार असतात.

नाशिकला परत येऊन मालेगाव, धुळे या मार्गाने प्रवास खानदेशात उतरतो, तेव्हा वैशाख लागलेला असतो. अक्षय्य तृतीयेला येथे आखाजी म्हणतात, आणि दिवाळीच्या तोडीचा मान असलेला हा सण प्रामुख्याने सासुरवाशिणींचा आहे. या दिवशी पितरांसाठी मातीची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवून पूजा करतात. पुरणपोळी आणि आंब्याचा रस यांचे जेवण होते. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, याचे जुने साल आखाजीला पुरे होऊन नवे ठरते, त्यामुळे हा दिवस शेतीच्या वर्षाचाही सांधा आहे.

आखाजीच्या आधीपासून कुमारिका गौराई बसवतात, आणि माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झाडांना दोर बांधून झोके घेतात. झोक्यावर अहिराणीतील गाणी चालतात: एक दोर धरून ओळ उचलते, खाली थांबलेल्या बाकीच्या जणी ती पुढे नेतात, आणि सासरची कामे, भावाची वाट, आईची आठवण हे सारे त्यांत येते. काही गावांत नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून मुली एकमेकींवर गाण्यांतून शिव्यांची फैर झाडतात, आणि वर्षभर तोंड मिटून राहिलेल्या मुलींना एरवी न मिळणारी मोकळीक या प्रथेत मिळते. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) आखाजीवर कविताही केली. या टप्प्यावर व्यासपीठ, सुपारी आणि मुखवटा यांपैकी काहीच उरत नाही, आणि गाणारी व ऐकणारी असा भेदही राहत नाही.

तिन्ही ठिकाणी खर्च आणि श्रम गावाचे किंवा घराचे असतात. जत्रेसाठी घरटी वर्गणी निघते, बोहाड्यात सोंगाचा मान राखणारे घर झीज सोसते, आणि आखाजीत माहेर लेकीला चार दिवसांची मोकळीक देते. म्हणून या कलांचे भवितव्य पुरस्कारांपेक्षा गावाच्या वागणुकीवर अधिक अवलंबून आहे: तमाशातील स्त्रियांना सुरक्षित निवारा आणि सन्मान देऊन वगासाठी वेळ राखायचा की नाही, जुने मुखवटे शोभेच्या वस्तू म्हणून विकायचे की पुढच्या पिढीला नाचवायला शिकवायचे, आणि आखाजीला आलेल्या लेकीला चुलीपुढे बसवायचे की झोक्यावर, हे निर्णय गावच घेते. ज्यांनी वर्गणी दिली आहे त्यांनी मागणीही चांगल्या गोष्टीची केली पाहिजे, कारण यजमानपद हा या उन्हाळी कलांमधील प्रेक्षकाचा हक्क आहे, तसेच ते त्याचे कर्तव्यही आहे.