इंद्र नसलेली इंद्रसभा

वेरूळला गेलेली आपली बहुतेक कुटुंबे कैलास पाहूनच थकतात आणि उत्तर टोकाची ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी घाईने उरकतात. त्यांतील ३२ वे लेणे ‘इंद्रसभा’ म्हणून प्रसिद्ध आहे. पण तेथे इंद्राची सभा नाही. वरच्या मजल्यावरील ओसरीच्या एका टोकाला हत्तीवर आरूढ अशी भव्य मूर्ती आहे. हत्ती दिसला, पाहणाऱ्यांनी ऐरावत मानला आणि नाव रूढ झाले. वस्तुतः तो समृद्धीचा यक्ष. अभ्यासक त्यास सर्वानुभूती म्हणतात. दुसऱ्या टोकाला आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली देवीही इंद्राणी नव्हे, ती नेमिनाथांची यक्षी अंबिका होय.

नावातली ही चूक किरकोळ नाही. देवांचा दरबार मानला, तर आपण केवळ प्रेक्षक उरतो. यक्ष आणि अंबिका ओळखली, की हे लेणे कोणाशी बोलते ते उमगते. धन आणि संतती या संसारी माणसाच्या मागण्या. त्यांच्या देवता ओसरीतच भेटतात. ही योजना केवळ मुनींसाठी नसावी. मुनींना धन-संततीशी काय कर्तव्य?

या लेण्यांत पार्श्वनाथ आणि बाहुबली वारंवार जोडीने, समोरासमोर कोरलेले आढळतात. पार्श्वनाथांभोवती कमठाचा उपसर्ग चालला आहे: कोणी शिळा उगारतो, कोणी महिषावरून चाल करतो, मस्तकावर धरणेंद्राच्या फणा. बाहुबलींभोवती मात्र कसलाच कोलाहल नाही, अंगावर वेली चढल्या आहेत. तीर्थंकर नसूनही त्यांना पार्श्वनाथांसमोर हे स्थान का? मला वाटते, जिंकलेले राज्य हाती असताना सोडून देणारा हा पुरुष, कमावणाऱ्या गृहस्थाच्या ओळखीचा प्रश्न घेऊन उभा आहे.

लेणी पाहून झाल्यावर टेकडीवरील पार्श्वनाथांच्या दर्शनास अवश्य जावे. ती मूर्ती लेण्यांहून बरीच अलीकडची आहे. तिच्या आसनावर शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा लेख आहे. वर्धनपूरच्या चक्रेश्वर नावाच्या दात्याने ती करविली. लेखात त्याच्या घराण्याची नावे आहेत, त्याच्या दानशीलतेची प्रशंसा आहे आणि या दानाने तो आपल्या कर्मांचा क्षय करतो, असेही नोंदविले आहे.