गोल्डफिशच्या टाकीत टिकणारी झाडं

आज पिकाची नोंद नाही, पाण्यातल्या झाडांची आहे.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई माजघरात पडून असते. शेत नजरेस पडत नाही. माझ्या पोरानं तिच्या खाटेसमोर काचेची टाकी मांडून दोन गोल्डफिश सोडले. ती म्हणाली, "मासं बरं हायती, पर हिरवं काय न्हाई त्यात." म्हणून झाडं शोधली.

अडचणी दोन. खोलीत उजेड कमी. आणि गोल्डफिश हा सायप्रिनसच्याच कुळातला मासा. शेततळ्यात सायप्रिनस जसा तळ उकरतो, तसा हा वाळू उकरतो, मुळं उपटतो, मऊ पानं खातो. त्यामुळं वाळूत रोवायची आणि कोवळ्या पानांची झाडं आधीच बाद केली.

राहिली दोन : अनुबियास आणि जावा फर्न. अनुबियास मूळचं आफ्रिकेतलं, अळू-सुरणाच्या कुळातलं, पान चामड्यासारखं जाड. जावा फर्न म्हणजे ओढ्यातल्या दगडाला धरून वाढणारं नेचं. दोन्हींना मंद उजेड चालतो आणि मासे सहसा तोंड लावत नाहीत.

हळदवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. दोन्हींना आडवा कंद असतो, पण हळदीसारखा गाडायचा नाही. गाडला की कुजतो, आपल्या कंदकुजीसारखा. काळ्या दगडावर ठेवून सुती दोऱ्यानं बांधायचा. महिना-दोन महिन्यांत मुळं दगड धरतात. वाळूत काही लावलेलंच नाही, तर मासा उपटणार काय? चुनखडीचा दगड मात्र नको, पाणी जड होतं.

दिवा रोज सात तास. जास्त उजेड दिला तर झाड पळत नाही, पानावर शेवाळ तेवढं चढतं. ते बोटानं हलकं पुसायचं. वेगळं खत घातलं नाही, माशांची विष्ठा पुरते. गोठ्यामागच्या वाफ्यातला अझोला धुऊन मूठभर टाकतो. पोट भरलेला मासा पानांकडं कमी वळतो.

तीन महिन्यांत अनुबियासला चार नवी पानं आली. मोजणी आईची आहे, माझी नाही.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. फवारणी करून आलेला हात टाकीत घालू नका. पायरेथ्रॉईड गटातलं औषध माशाला अगदी थोडं गेलं तरी जहर आहे. शेताकडेच्या चारीतलं, पाटातलं झाडही याच कारणानं आणू नका.

गोल्डफिशबरोबर कमी उजेडात आणखी कोणतं झाड टिकवलं असेल, तर जरूर लिहा.