साडेचार इंच

माझ्या सायकलच्या पुढच्या बास्केटमध्ये डबा, रेनकोट आणि सहा इंची पट्टी असते. पट्टी मुलाच्या कंपासपेटीतली. ती परत मिळायची नाही, हे त्याला आता कळून चुकलंय.

घर कार्ला फाट्याजवळ आणि नोकरी लोणावळ्यात, चिक्कीच्या दुकानात हिशेब लिहिण्याची. अंतर आठ-नऊ किलोमीटर. मळवलीहून लोकल मिळते, पण दुकान सुटायची वेळ आणि लोकलची वेळ यांची गाठ काही पडत नाही. म्हणून सायकल. जुनी, लेडीज, बिनगिअरची. या वाटेला चढ म्हणावा असा नाहीच, इथे दमवतो तो वारा. जून लागला की तो पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, चला, जुना हायवे आता आपल्याला मोकळा. तसं काही झालं नाही. एक्सप्रेसवेवर सायकलला आणि दुचाकीला बंदी, त्यामुळे आम्हाला हाच रस्ता. आणि शनिवार-रविवार भुशी डॅम, एकवीरा, लोहगड करणाऱ्या गाड्याही इथेच. चिक्कीवाल्याला रविवारी सुट्टी नसते, त्यामुळे गर्दीच्या दिवशी मी हमखास रस्त्यावर.

हायवेवर सायकलवाल्याचं राज्य कुठून कुठपर्यंत, तर कडेच्या पांढऱ्या रेघेपासून गवतापर्यंत. त्या जागेला साइडपट्टी म्हणतात. रेघेच्या आत राहावं तर हॉर्न, बाहेर जावं तर खाली. खाली हे अगदी शब्दशः. रस्ता नवा केला की डांबराचा दीड-दोन इंचांचा थर चढतो. काही वर्षांनी त्यावर आणखी एक. साइडपट्टीचा मुरूम मात्र दर पावसाळ्यात वाहून जातो आणि ती खचत जाते. रस्ता वर जातोय, पट्टी खाली, आणि मधे तयार होते एक कड. गाडीतून ती दिसतसुद्धा नाही. मलाही पडेपर्यंत दिसली नव्हती.

श्रावणातला रविवार होता, वलवणच्या अलीकडे. मागून ट्रॅव्हल्सचा लांब हॉर्न आला. अशा हॉर्नचा अर्थ एकच, मी थांबणार नाही, तुझं तू बघ. मी सायकल खाली घेतली. चाक चिखलात जरा सरकलं, पण गाडी निघून गेली. मग परत वर घ्यायला हँडल वळवलं आणि तिथे फसले. चाक कडेला तिरकं घासत राहिलं, चढेना. सायकल अडली आणि मी रस्त्याच्या अंगाला आडवी. डोक्यापासून हातभरावरून एक टायर गेला. त्याच्या खाचांत अडकलेले खडे मला दिसले. डबा घरंगळत दुभाजकापाशी जाऊन थांबला, झाकण न उघडता.

कणसं भाजणारा एक पोरगा धावत आला. “मावशी, लागलं का? इथं पडतातच सगळे.” पायाने त्याने कड दाखवली, जणू त्याच्या गाड्याशेजारची ती एक जुनी ओळखीची वस्तू.

मनगट प्लास्टरमध्ये गेलं. घरच्यांनी सायकल विकायचं ठरवलं, मी पट्टी घेऊन कड मोजायचं. साडेचार इंच भरली. कुठे तीन, एका मोरीजवळ पाच.

मापं कागदावर उतरवली आणि तो कागद घेऊन रस्तेखात्याच्या कार्यालयात गेले. साहेब सज्जन होते, चहा सांगितला. म्हणाले, “मॅडम, हायवेवर सायकल चालवायचीच कशाला? आणि असे सायकलवाले असतील तरी किती? दहा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फाट्यावरच्या टपरीवर वही घेऊन बसले. चार उभ्या रेघा, एक आडवी. रात्रपाळी संपवून निघालेले बंगल्यांचे वॉचमन, माळी, हॉटेलात भांडी घासणाऱ्या दोघी जावा, हँडलला ओळंबा अडकवलेले गवंडी, आणि गप्पा मारत तिघी-तिघी रस्ता अडवणाऱ्या शाळेच्या मुली (त्यांना मीही ओरडले). दोन पानं भरली. सातच्या सुमारास पुण्याहून हेल्मेटवाल्यांचा ताफा आला. त्यांच्या एका चाकाच्या किमतीत माझ्या चार सायकली येतील. साहेबांना सायकलवाले म्हणून दिसतात ते हेच. वॉचमन त्यांना दिसत नाही, कारण तो सायकलवाला नाहीच. तो कामावरून घरी चाललेला माणूस.

लहानपणी याच रस्त्याच्या कडेला उभं राहून मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहिली आहे. बोरघाट आधी चढेल तो घाटाचा राजा. तेव्हा पोलीस गाड्या थांबवायचे. राजासाठी रस्ता मोकळा होत असे एवढं नक्की.

आणि कडेने एकट्या सायकलीच जात नाहीत. चैत्रात मुंबई-रायगडकडून एकवीरेच्या पालख्या पायी येतात. कार्तिकीला कोकणातून दिंड्या आळंदीला जातात. 2021 च्या नोव्हेंबरात साते गावाजवळ अशाच एका दिंडीत पिकअप घुसली आणि वारकरी बायका गेल्या.

सायकल ट्रॅक मी मागितला नाही. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची वेगळी पुस्तिका आहे, हे आमच्या आळीतल्या डिप्लोमावाल्या पोराने शोधून दिलं. पण ट्रॅक म्हटलं की भूसंपादन आलं, आणि मग माझी नात चालवेल त्यावर सायकल. मला मुरूम हवा होता, रोलर फिरवून डांबराच्या बरोबरीने बसवलेला. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडला. आधी दोघेचौघे हसले. मग मागून एक म्हातारे उठले. “माझी मोटरसायकल तिथंच गेली, वहिनी सांगतात ते खरं हाय.” मोटरसायकल निघाल्यावर हसणं थांबलं आणि ठराव झाला. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 198-अ कलम आलं; रस्त्याच्या सदोष बांधणी-देखभालीपायी कोणाला अपंगत्व आलं वा कोणी दगावलं तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. ठरावाच्या नकलेला त्या कलमाची झेरॉक्स जोडली. साहेबांनी ती दोनदा वाचली.

मे महिन्यात मुरमाचे डंपर आले. लोणावळ्याकडे जाणारी बाजू भरली, दोन किलोमीटरभर. पट्टी टेकवली तर अर्धा इंच. पहिल्या पावसाने त्यातला थोडा नेला, तरी खाली उतरून वर येता येतं.

येतानाची बाजू तशीच आहे. येताना अंधार असतो, वारा पाठीवर, सायकल पळत असते.

परवा त्या बाजूचा अर्ज द्यायला गेले. आवक-जावकच्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, “ताई, आज किती?”

“साडेचार.”

त्याने शिक्का मारला.