वावर विकण्याआधी

मंगळवार, 12 नोव्हेंबर 2024, पुसद

दिग्रस रोडवर मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेल्या पोराच्या घरी व्यायाम घ्यायला गेले. हेल्मेट नव्हतं. नांदेडला डोक्यातली रक्ताची गाठ काढली, जीव वाचला. पण उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली, बोलताना शब्द अडतात. निवडणुकीच्या प्रचाराची गाडी भोंगा वाजवत गेली की तो दचकतो, हात पुन्हा कडक होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

निघताना त्याच्या आईने मोबाइलवरची जाहिरात दाखवली. "मॅडम, स्टेमसेल टाकल्या का हात उठते म्हणे. एक एकर वावर काढतो. नेऊ का हैदराबादले?" शनिवारी सांगते म्हटलं. वावर एकदा गेलं की परत येत नाही. पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही.

गुरुवार, 14 नोव्हेंबर

पोराच्या आईला, काकूंना, वाटतं, नव्या पेशी मेलेल्या पेशींच्या जागी जाऊन बसतील. माणसांवरच्या प्रयोगांत बहुतेक अस्थिमज्जेतल्या पेशी वापरतात आणि त्यांचं काम वेगळं असतं. त्या थोडे दिवस टिकतात, सूज आवरणारी आणि उरलेल्या चेतापेशींना बळ देणारी द्रव्यं सोडतात आणि नाहीशा होतात.

सर्वांत भक्कम पुरावा जपानच्या सॅनबायो कंपनीच्या चाचणीचा. मेंदूला दुखापत झालेल्या 46 जणांच्या मेंदूत दात्याच्या मज्जेपासून तयार केलेल्या पेशी सोडल्या. 15 जणांवर नुसतीच दिखाऊ शस्त्रक्रिया केली. कोणाला काय मिळालं, हे रुग्णांना माहीत नव्हतं. 24 आठवड्यांनी हालचालींचे गुण पेशी मिळालेल्यांत सरासरी 8.3 ने वाढले, इतरांत 2.3 ने. त्यावर यंदा 31 जुलैला जपानने या उपचाराला सशर्त, मुदतीपुरती मान्यता दिली. 48 आठवड्यांनंतर मात्र दोन्ही गटांतला फरक तितका ठाम राहिला नाही.

मी त्या 2.3 पाशी थांबले. पेशी न मिळताही माणसं सुधारली. म्हणजे तुलनेचा गट नसेल, तर सुधारणा पेशींमुळे झाली की व्यायामाने, की नुसत्या आशेने, हे कळणारच नाही.

शनिवार, 16 नोव्हेंबर

काकूंना सगळं सांगितलं. आपल्याकडेही काम झालं आहे. नवी मुंबईच्या न्यूरोजेन संस्थेने 2015 मध्ये मेंदूला दुखापत झालेल्या 14 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी कण्यातल्या पाण्यात सोडल्या होत्या. सुधारणा नोंदवल्या आहेत, पण तुलनेचा गट नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं, तर बाकी सगळे स्टेमसेल उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच करायचे. आणि चाचणीचा खर्च रुग्णाने करायचा नसतो.

"म्हणजे तुम्ही नाही म्हणता?"

"काकू, जायला नाही म्हणत नाही. वावर विकायला नाही म्हणते."

पोराच्या मोठ्या भावाने वहीत प्रश्न लिहून घेतले: चाचणीची सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद आहे का, क्रमांक काय? नीतिसमितीची परवानगी आहे का? तुलनेचा गट आहे का? अपाय झाला तर भरपाई कोण देणार? उत्तरं लेखी मागायची. त्याने वहीवर बोट ठेवलं, "हे आलं नाही तं आपण जात नाही."

बुधवार, 20 नोव्हेंबर

मतदान करून आले. निवडून येईल त्याच्याकडे दोन गोष्टी लेखी मागणार आहे. इथल्या उपजिल्हा रुग्णालयात मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाचा कक्ष हवा. आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी या उपचाराच्या खऱ्या चाचण्या व्हाव्यात, शेतकऱ्याच्या पोराला त्यात फुकट शिरता यावं.

स्टेमसेलवर माझा राग नाही. हा उपचार खरा ठरावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून तो पुराव्याने सिद्ध व्हायला हवा. तोवर रोजचा व्यायाम चुकवायचा नाही. उपचार आला, तरी कडक होऊन बसलेल्या सांध्यांना त्याचा फायदा घेता येणार नाही.