कुणावाचून कुणाचे

‘कुणावाचून कुणाचे अडत नाही’ हे वाक्य आपल्याकडे दोन प्रसंगी हमखास ऐकू येते. भावाभावांच्या वाटण्या होऊन अंगणात भिंत उभी राहिली, की ते रागाने म्हटले जाते. आणि घरातले माणूस गेले, की तेराव्याला जेवून निघालेला पाहुणा ते समजुतीच्या सुरात म्हणतो. पहिल्या वेळी त्यात ऐट असते, दुसऱ्या वेळी कणव असते. ऐकणारा दोन्ही वेळा मान हलवतो. मीही पुष्कळदा हलवली आहे. पण अलीकडे हे वाक्य कानी पडले, की माझी मान हलेनाशी झाली आहे. आणि याला कारण कोणी साधुसंत किंवा तत्त्वज्ञ नसून आमच्या घरातला संगणक आहे!

त्या बापड्याला हे वाक्य मुळीच मान्य नाही. कुणावाचून कुणाचे अडते याची त्याच्याजवळ नावनिशीवार यादी असते. निदान लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाजवळ तरी असते. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी व्यवस्था. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली तिचा गाभा लिहायला घेतला आणि जगभरच्या लोकांनी ती वाढवली. पुढे 1993 मध्ये इयान मरडॉक याने डेबियन नावाची तिची एक शाखा काढली. मैत्रिणीचे डेब्रा आणि आपले इयान, अशी दोन नावे त्याने त्यात गुंफली. ती मैत्रीण पुढे त्याची पत्नी झाली. आपल्याकडे नवरानवरी उखाण्यात नाव घेतात. या पठ्ठ्याने एक सबंध व्यवस्थाच उखाण्यात घातली! 2004 साली निघालेली उबुंटू ही याच डेबियनची लेक, आणि आमच्या घरी नांदते ती तीच.

या घराण्यात प्रत्येक प्रोग्रॅम एका गाठोड्यात बांधून येतो. त्याला पॅकेज म्हणतात. गाठोड्यावर एक चिठ्ठी असते, आणि ती मला फार आवडते. तिच्यातल्या पहिल्या रकान्याचा मराठी अर्थ ‘याच्यावाचून अडते’. दुसऱ्याचा ‘हे असलेले बरे’. तिसऱ्याचा ‘जमल्यास हेही’. आणखी दोन रकाने असतात: ‘याच्याशी पटत नाही’ आणि ‘माझ्यामुळे याचे बिघडेल’. इतकी सरळ कबुली मी सोयरिकीच्या बैठकीतही कधी ऐकलेली नाही. या चिठ्ठ्या वाचून कोठारातून सामान जमवणारा जो कारभारी आहे, त्याचे नाव ॲप्ट.

आता या कारभाऱ्याच्या दारात मी कसा गेलो, ते सांगितले पाहिजे.

माझी थोरली बहीण, अक्का, हिने 2003 सालच्या सुमारास आईच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर उतरवल्या होत्या. दुपारी आईने म्हणायचे, अक्काने वहीत लिहायचे आणि रात्री मुले निजली की टंकायचे, असा सारा उन्हाळा चालला होता. वही 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेने नेली. पुढे दोन वर्षांनी अक्काही गेली. उरली एक तबकडी. आईची आठवण तर आता आटत चालली आहे. ‘ती भावाची ओवी कोणती गं?’ म्हटले, की ती ओठ हलवते, आणि थांबते.

तबकडी धड होती, पण तिच्यातले वाचता येत नव्हते. त्या काळचे मराठी टंकनाचे प्रोग्रॅम आपापल्या अक्षरसाच्यांवर चालत. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून जागा आहे; पण ती सोय घरोघर पोचायला वर्षे गेली. तोवर प्रत्येक फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली मराठी अक्षरे बसवून मोकळा होई. तो फॉण्ट आणि तो प्रोग्रॅम हाताशी नसला, की ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो. शेजारच्या घरी नवे विंडोज आहे म्हणून तिकडे तबकडी नेली. तिथे प्रोग्रॅम बसेचना. प्रोग्रॅम स्वतः 32 बिटांचा. पण त्याला संगणकावर बसवून देणारा तुकडा त्याहून जुना, 16 बिटांचा होता. आणि 64 बिटांचे विंडोज 16 बिटांच्या पाहुण्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही.

‘मामा, मग आपल्या लिनक्सवरच पाहू,’ अक्काचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला. ‘आधी वाईन बसवा.’

फोनचा आवाज मोठा होता. आई जपमाळ घेऊन शेजारी बसली होती. माळ थांबली. ‘अरे, मास्तर ना तू?’ ती म्हणाली. ओव्या विसरली तरी एवढे तिच्या ध्यानात होते!

ही वाईन पिण्याची नव्हे, हे तिला पटवायला मला दुभाष्याचा दाखला द्यावा लागला. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम पदोपदी विंडोजकडे काही तरी मागत असतो: खिडकी उघड, फाइल दे, अक्षर काढ. लिनक्सवर त्याची ही भाषा कुणालाच कळत नाही. वाईन मध्ये उभी राहून त्याचे मागणे लिनक्सला सांगते आणि लिनक्सने दिलेले त्याच्या ओंजळीत घालते. विंडोजला तिथे यावे लागत नाही. 1993 साली बॉब ॲमस्टॅट याच्या देखरेखीखाली हे काम सुरू झाले. दुसऱ्याच वर्षी ते अलेक्झांडर जुलियार याने हाती घेतले. आणि तिची 1.0 ही आवृत्ती निघायला 17 जून 2008 हा दिवस उजाडावा लागला. पंधरा वर्षे! आम्ही कादंबरीकार दोन वर्षे लागली तरी प्रस्तावनेत उसासे टाकतो.

मी ॲप्टला वाईन आणायला सांगितले. त्याने जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा: वाईनचे तिच्या 32 बिटी भागावाचून अडते, परंतु तो भाग बसवला जाणार नाही, तुम्ही मोडकी गाठोडी धरून ठेवली आहेत, सबब इलाज नाही.

‘मोडकी’ हा शब्द वाचून मी दचकलो. भाच्याने समजावले, की फुटलेतुटलेले काहीच नाही. ज्याच्या चिठ्ठीतली मागणी पुरी होत नाही, त्याला ही मंडळी मोडके म्हणतात. आजचे संगणक 64 बिटांचा घास घेतात, अक्काचा प्रोग्रॅम 32 बिटांचा. तेव्हा दोघांना वेगवेगळ्या लायब्ऱ्या लागतात. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची खोली नव्हे. अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचे तयार सामान, गावकीच्या भांड्यांसारखे. 32 बिटी सामान आणायला परवानगी आहे, असे कारभाऱ्याला आधी एकदा सांगावे लागते. ते भाच्याने करून ठेवले होते. तरीही गाडी अडली, कारण आणखी एक नियम आहे. एकाच लायब्ररीची 32 बिटी आणि 64 बिटी अशी दोन जुळी शेजारीशेजारी राहायची असतील, तर दोघांची आवृत्ती तंतोतंत एक हवी. एक जुळा एका पावलाने जरी पुढे गेला, तरी दुसऱ्याला घरात जागा नाही.

कोणता जुळा पुढे गेला, हे ॲप्ट आपणहून सांगत नाही. ते शोधत जावे लागते. लग्नाच्या आमंत्रणाला जाणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. काका म्हणतात, ‘आत्या येणार असेल तर आम्ही येऊ.’ आत्या म्हणते, ‘थोरल्या जाऊबाईंचे विचार.’ जाऊबाईंचे थोरल्या दिरांवाचून अडलेले. आणि दीर म्हणतात, ‘मला कुणी विचारलेच नाही!’ आम्हीही तसेच एकेक पायरी उतरत गेलो. वाईन ज्याचे नाव सांगते ते गाठोडे एकट्याने मागायचे. ते ज्याचे नाव सांगते ते पुन्हा एकट्याने मागायचे. पाचव्या पायरीवर रुसलेले दीर सापडले. त्यांचे नाव फ्रीटाइप. पडद्यावर अक्षरे रेखाटण्याचे काम ही लायब्ररी 1996 पासून करीत आली आहे. भाच्याने मागे कधी दुसऱ्या कामासाठी एक बाहेरचे कोठार जोडले होते. तिथून 64 बिटी फ्रीटाइपची नवी आवृत्ती येऊन बसली होती, आणि त्या कोठारात तिचा 32 बिटी जुळा नव्हताच.

अशा वेळी हात शिवशिवतात. जोर करून बसवले तर? जोर करण्याची सोय आहे, आणि तीच भीतीची आहे. 2021 साली लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध परीक्षकाने पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर खेळांचा स्टीम हा प्रोग्रॅम बसवायला घेतला. स्टीमला हवे असलेले एक 32 बिटी पॅकेज कोठारात प्रसिद्धच झालेले नव्हते. कारभाऱ्याने मार्ग काढला तो असा, की पडद्यावरचा सारा संसारच काढून टाकायचा! तसे त्याने बजावलेही, आणि खरेच हवे असेल तर ‘होय, मी सांगतो तसे कर’ हे वाक्य टंकायला लावले. सेबॅस्टियनने ते टंकले. पुढच्या खेपेला यंत्र सुरू झाले तेव्हा काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे होती. ही हकीकत सांगून भाचा म्हणाला, ‘मामा, काय काय जाणार ती यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका.’ वाटण्यांच्या कागदावर सह्या करणाऱ्यांनाही हे कुणी तरी सांगायला हवे होते.

आमचा इलाज साधा निघाला. बाहेरचे कोठार बंद केले. पुढे गेलेल्या फ्रीटाइपला एक पाऊल मागे, उबुंटूच्या स्वतःच्या कोठारातल्या आवृत्तीवर आणले. लगेच 32 बिटी जुळा मुकाट्याने शेजारी येऊन बसला, आणि त्याच्यामागून वाईनपर्यंतची सारी वरात आत आली. जोर कुठेच लागला नाही. जो पुढे गेला होता, त्याने थोडे थांबायचे होते.

ही 32 बिटी जुळी एकदा घराबाहेरच जायची होती. 2019 च्या जूनमध्ये उबुंटूच्या चालकांनी त्यांना निरोप देण्याचे जाहीर केले. मोजके लोक वापरतात, सांभाळणे जड जाते, असे त्यांचे म्हणणे. वाईनवाल्यांनी आणि खेळवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा आठवड्याभरात त्यांनी बेत बदलला आणि निवडक 32 बिटी लायब्ऱ्या ठेवल्या. त्या दूरच्या आरडाओरड्याचा आमच्या कृष्णाकाठच्या घराशी काही संबंध असेल, असे तेव्हा कुणाला वाटले असते?

वाईन बसली. तिने 16 बिटांच्या त्या म्हाताऱ्या तुकड्यालाही आत घेतले. प्रोग्रॅम तरीही रुसला, कारण त्याची स्वतःची चिठ्ठी वेगळी होती. त्याला एमएफसी 42 ही मायक्रोसॉफ्टची जुनी लायब्ररी हवी होती. असले विंडोजचे किरकोळ सामान आणून देणारा वाईनट्रिक्स नावाचा एक हरकाम्या आहे. त्याने ती आणली. शेवटची अडचण फॉण्टची. तो अक्काच्या तबकडीतच एका कोपऱ्यात होता. तो वाईनच्या फॉण्टांच्या कपाटात ठेवला, फाइल उघडली, आणि काल्याच्या जागी मराठी उमटले.

मी मोठ्याने वाचू लागलो. पहिल्या ओवीचा पहिला चरण संपला, आणि मी श्वास घेईपर्यंत आईने दुसरा म्हणून टाकला. तिसऱ्या ओवीला तर तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरू लागला. विसरलेले काहीच नव्हते. पहिल्या चरणावाचून दुसरा अडला होता, इतकेच.

मग मला एक गोष्ट दिसली. अक्काने प्रत्येक ओवीखाली बारीक अक्षरांत एक ओळ टंकली होती. ही आईची. ही थोरल्या मावशीची. ही कासारणीकडून आईने घेतलेली. ही कुणाची ते आईला आठवत नाही, पण आपली नव्हे. फोनवर भाच्याला ती ओळ वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आईने चिठ्ठी लिहून ठेवली होती म्हणायची.’

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, की ‘कुणावाचून कुणाचे अडत नाही’ हे वाक्य चिठ्ठी न वाचणाऱ्यांचे आहे. आपले अडत नाही असे दिसते, कारण कुणी तरी, कुठे तरी, आपली पाचवी पायरी सांभाळून बसलेले असते. आणि आपण त्याला ओळखतही नसतो. पंधरा वर्षे एका दुभाष्याला शिकवणारे लोक, अक्षरांची वळणे राखणारे लोक, ओवी देऊन पुढच्या गावाला गेलेली कासारीण. पाडव्याला आपण वह्यांची पूजा करतो. त्या वह्यांत रुपये-पैशांचे येणेदेणे असते. तिथेच एक पान कोरे ठेवावे, आणि ज्यांच्यावाचून आपले अडले असते त्यांची नावे निवांतपणे लिहीत बसावे. पान पुरणार नाही, ही एकच अडचण आहे.